जी रुतली ती खपली

यंदा कोणत्या कंपनीच्या मोटारी जास्त खपणार, हे आमच्या मामाला पावसाळ्यातच कळायचं. हैदराबादच्या मोठमोठ्या दुकानदारांना त्यासाठी साल सरायची वाट बघावी लागत असेल. मामाला ते ओढ्याच्या काठावर, डोक्यावर घोंगड्याची खोळ घेऊन बसल्या बसल्या कळायचं. आणि एकदा कळलं की गावात कुणाची सुटका नसायची. जेवायला बसलेल्या माणसाच्या दारात उभा राहून तो सांगायचा, "वशिंडवालीचं काय खरं न्हाई बघ यंदा. शिंगवाली पुढं चाललीय."

जेवणारा "व्हय का अण्णा" म्हणायचा आणि भाकरी मोडायचा. त्याच्या घरी मोटार नव्हती. कुणाच्याच नव्हती. आमच्या अख्ख्या गावात चाकं म्हणाल तर बैलगाड्यांची, आणि एक कुंभाराचं.

ओढ्याचा आणि मोटारीच्या खपाचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. सांगते, पण मला थोडक्यात सांगायला येत नाही.

आमचं गाव ठाणाकुशनूरच्या अंगाला. बिदरहून वर येणारी कच्ची सडक गावाजवळच्या ओढ्यातून जायची. पूल होणार, पूल होणार, हे ऐकत ऐकत मी मोठी झाले. ओढ्याची माती काळी. वरून बघाल तर सारवलेल्या अंगणासारखी सपाट, आत नुसतं लोणी. बैलगाडीवाल्याला ठाऊक असायचं की वरच्या अंगाला खडक आहे, तिकडून जावं. मोटारवाल्याला ते ठाऊक नसायचं, आणि तो कुणाला विचारायचाही नाही. मोटारीत बसलेला माणूस वाट कशाला विचारतोय? तो सरळ जायचा आणि सरळच बसायचा.

मग मामा. मामाकडं देवणी जातीची खिल्लारं होती म्हटलं तर मामा भांडेल. देवणी म्हणजे देवणीच, खिल्लार वेगळी. तर देवणी जोडी होती, हरण्या आणि खंड्या. रुतलेली मोटार ओढून काढायची ती ह्यांनीच. माझे वडील गेल्यावर आई मला घेऊन भावाकडं राहायला आली, तेव्हा मी रांगत होते. त्यामुळं मला आठवतं तेव्हापासून पावसाळा म्हणजे ओढ्याकडून येणारा भोंग्याचा आवाज, आणि ताटावरून उठून पळणारा मामा.

"शेतात तण माणसाएवढं झालंय, तिकडं असं पळालाव तर बरं व्हईल," मामी मागून ओरडायची.

"तण कुठं जायलंय? मोटार जाईल की!"

मोटार कुठं जाणार होती? ती रुतली होती म्हणून तर भोंगा वाजत होता. पण हे मामाला कोण सांगणार.

मोटार ओढायचे मामा पैसे घेत नसे. कुणी देऊ केले तर त्याला राग यायचा. त्याचा मोबदला वेगळा होता. दोर बांधायच्या आधी मोटारवाल्यानं त्याच्या सवालांचे जबाब द्यायचे. कोणती कंपनी, कवा घेतली, हीच कामून घेतली, शेजाऱ्यानं कोणती घेतलीय, पुढच्या साली कोणती घेणार. जबाब पटले की दोर बांधायचा. नाही पटले तर आणखी सवाल.

एकदा एक मोठे अंमलदार रुतले. अंगात शेरवानी, डोक्यावर तुर्की टोपी, आणि पाय पोटऱ्यांपर्यंत पाण्यात. मामा बैल घेऊन गेला, दोर खांद्यावर तसाच ठेवला आणि मोटारीच्या तोंडापुढं दगडावर उकिडवा बसला.

"अरे, खींचो ना!" साहेब ओरडले.

"खींचते साब. पयले ये बोलो, पिछली गाडी कायकू बेची?"

"तुमकू क्या करना है?"

"मेरेकू क्या करना साब. बैलां उभेच हैं, मैं बैठेलाच हूँ."

साहेबांनी आभाळाकडं बघितलं. तिकडून दुसरी सर येत होती. "पेट्रोल भौत पीती थी," ते म्हणाले.

"देखा!" मामानं आमच्याकडं वळून बघितलं, जसं काही आम्हीच ते नाकारत होतो. "और ये किसके बोलने से लिए?"

"साले के."

"तभी तो," मामा म्हणाला, आणि उठून दोर बांधायला लागला.

कंपन्यांची खरी नावं मामा घेत नसे. एक तर ती जिभेला वळत नव्हती. दुसरं म्हणजे, "त्यांची दवंडी मी फुकट कामून पिटू?" असं त्याचं म्हणणं. त्यानं आपली नावं ठेवली होती, बैलांना ठेवतात तशी. एका अमेरिकन मोटारीच्या नाकावर शिंगासारखं काहीतरी चकाकत होतं, ती शिंगवाली. एका विलायती मोटारीला मागं फुगवटा होता, ती वशिंडवाली. दोन रंगांची ती बांडी. मोटारीच्या तोंडाशी तो वाकायचा, दिव्यांत बघायचा आणि सांगायचा, "हिचं डोळं आत गेल्यात. रातीचं हिला दिसत नसंल." बैलबाजारात लोक त्याचा शब्द मानत, ते खरंच होतं. दाताला हात न लावता बैलाचं वय सांगायचा. मोटारीचं वय सांगायच्या भानगडीत तो कधी पडला नाही, हे आपलं नशीब.

आता खपाची गोष्ट. मामाचा हिशेब सरळ होता. ह्या पावसाळ्यात ज्या कंपनीच्या मोटारी आपल्या ओढ्यात जास्त रुतल्या, त्याच कंपनीचा माल जास्त खपला. खपल्याच नाहीत तर रुततील कुठून?

हे ऐकून आमच्या शाळेचे मास्तर डोक्याला हात लावायचे. मामा शिंगवालीच्या बाजूचा, मास्तर वशिंडवालीच्या. त्यांच्याकडं हैदराबादचा पेपर यायचा, शिळा झालेला, आणि त्यातल्या मोटारींच्या जाहिराती ते चावडीच्या कट्ट्यावर मोठ्यानं वाचायचे.

"अण्णा, अहो जी मोटार चांगली असेल ती रुतणारच नाही. ती निघून जाईल," मास्तर म्हणायचे.

"निघून गेली असती तर दिसली असती."

"तुम्ही झोपला असाल तेव्हा."

"मी झोपलो तरी बैल जागे असत्यात, मास्तर."

"पेपरात छापून आलंय, की आमची मोटार सगळ्यात जास्त खपती."

"कुणी छापलं?"

"कंपनीनंच."

"मग मी बी छापतो की, माझी म्हैस बिदर जिल्ह्यात पयली हाय म्हणून."

ह्यावर मास्तर चष्मा पुसायला लागायचे. चष्मा पुसणं म्हणजे हार, असं गावानं ठरवून टाकलं होतं. आणि गाव तरी काय कमी होतं? सोनार मामाच्या बाजूचा, तेली मास्तरांच्या. कट्ट्याच्या उन्हाच्या बाजूला शिंगवाले बसायचे, सावलीच्या बाजूला वशिंडवाले. एका लग्नाच्या पंगतीत वाढपी वशिंडवाला निघाला आणि शिंगवाल्यांच्या ओळीला बुंदी कमी पडली, त्यावरून जो गोंधळ झाला, तो नवऱ्यामुलाचा बाप अजून विसरला नसेल. विलायतेत बसलेल्या कंपनीवाल्यांना हे कळलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे. त्यांच्यासाठी इथं माणसं बुंदीवरून भांडत होती, आणि त्यातल्या एकानंही मोटारीच्या गादीवर बूड टेकलं नव्हतं.

नव्या मॉडेलांबद्दल मामाचं मत मात्र फार चांगलं होतं. आधीच्या मोटारी उंच असायच्या, टांग्यासारख्या. सालागणिक त्यांचं पोट खाली यायला लागलं. पोट खाली आलं की मोटार झटकन बसायची, आणि बसली की चिखलाला असं चिकटायची की सोडवताना आवाज यायचा. मामाला हा कंपन्यांचा समजूतदारपणा वाटायचा.

"कंपनी आपल्या ओढ्याचा इचार करायलीय," तो आईला सांगायचा. "अक्का, नवी शिंगवाली काय झाक रुतती म्हणतीस! जुनी आपली घसरत घसरत निघून जायची. काय जीव न्हाई, काय न्हाई. नवी एकदा बसली की बसली."

आई मान डोलवायची. आई त्याच्यापेक्षा मोठी, त्याला कडेवर घेऊन फिरवलेली. पण भावाच्या घरात राहणारी बाई मोठी असली तरी तिची जागा चुलीपाशी. त्याच्या बोलण्याला तिनं कधी आडवा शब्द लावला नाही. मामीनं लावायचे ते शब्द दोघींना पुरून उरायचे.

मग लढाई सुरू झाली. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायला लागलं, मोटारी कमी झाल्या, आणि नवी मॉडेलं येणं बंदच झालं. कंपन्या तोफा करायला लागल्यात, असं मास्तरांनी वाचून दाखवलं. मामा आजारी माणसासारखा झाला. पाऊस पडायचा, तो घोंगडं घेऊन ओढ्यावर जायचा, बसायचा, परत यायचा. शेतातलं तण त्या सालांत निघालं तेवढं कधी निघालं नाही. मामी म्हणायची, "ही लढाई अशीच चालू दे गं बाई." लढाई संपल्याची बातमी मास्तरांनी कट्ट्यावर वाचली, तेव्हा कोण जिंकलं ते मामानं विचारलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, "मग नवी मॉडेलं कवा?"

तोवर मी लग्नाची झाले होते.

आमच्या भागात एक चाल आहे, कानडी मुलखाला लागून असल्यामुळं म्हणा. भाचीवर पहिला हक्क मामाचा. मामाच्या घरात पोर द्यायची, किंवा मामानं "मला नको, बाहेर द्या" म्हणायचं, तेव्हाच ती बाहेर दिली जायची. मामाचा मुलगा माझ्याहून पुष्कळ लहान, तेव्हा त्याचा प्रश्न नव्हता. पण मामाच्या तोंडून "द्या" निघाल्याशिवाय सुपारी फुटणार नव्हती. त्यात मी बापाविना. म्हणजे सगळं मामाच्या एका शब्दावर.

बिदरहून एक स्थळ आलं. मुलगा एका वकिलाकडं कारकून. शेती थोडी, पण माणसं गरीब स्वभावाची, आणि पोर बिनबापाची म्हणून हुंड्याचं मागणं काही नाही. आईनं अशा स्थळाची वाट किती बघितली असेल ते मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं, की मुलाकडची माणसं वकीलसाहेबांच्या नव्या मोटारीतून येणार आहेत. मामाला तर दुसरं काही ऐकूच गेलं नाही.

"नवी? लढाईनंतरची?"

"व्हय म्हणं," मामी म्हणाली. "पर तुम्ही त्या दिवशी ओढ्यावर जायाचं न्हाई. आंघोळ करून, फेटा बांधून घरी बसायचं. पोरीचा मामा चिखलात लोळायलाय हे बरं दिसतंय का?"

मामा कुरकुरला, पण बसला. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. ओढा चांगला ओला होता. सकाळी आई कुणाला न सांगता ओढ्यावर जाऊन उभी राहिली. पाव्हणे चिखलानं भरून आले, त्यांच्या कपड्यांची दशा झाली तर पोरीच्या पायगुणाला बोल लागेल, ही तिची काळजी. मोटार दिसली तशी तिनं हात केला आणि वरच्या अंगाची खडकाची वाट दाखवली. मोटार डुलत डुलत, एक थेंब अंगावर न घेता पलीकडं आली. आई मधल्या पाऊलवाटेनं धावत घरी येऊन चुलीपुढं बसली. तिला वाटलं, चांगलं काम झालं.

दारात भोंगा वाजला. मामा बाहेर गेला. पाव्हण्यांनी रामराम केला, तो त्यानं घेतला का नाही कोण जाणे. तो मोटारीच्या चाकांकडं बघत होता. चाकं कोरडी.

"कुण्या वाटेनं आलाव?" त्यानं ड्रायव्हरला विचारलं.

"ही काय, ओढ्यातून."

"आपल्या ओढ्यातून?"

"व्हय."

"आन रुतली न्हाई?"

"न्हाई की. मस्त आली."

मामाचा चेहरा असा उतरला, की मुलाच्या बापाला वाटलं घरात कुणी आजारी आहे.

आम्ही चुरमुऱ्यांचा सुसला केला होता, कांदा-शेंगदाणे सढळ घालून. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, खाली बसले. मुलाच्या बापानं मला नाव विचारलं, भाकरी येते का विचारलं. मामानं मुलाला विचारलं, "ही मोटार कोण कोण घ्यायलंय तिकडं?"

"मामा, मोटार आमची न्हाई," मुलगा म्हणाला. "वकीलसाहेबांची हाय. मला त्यातलं काय बी कळत न्हाई."

मी मान वर केली नव्हती, पण हे ऐकून मला तो बरा वाटला. आमच्या गावात ‘मला कळत नाही’ असं म्हणणारा पुरुष मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मामानं एकदा दारातल्या मोटारीकडं बघितलं. मग त्यानं हातातली सुसल्याची ताटली खाली ठेवली आणि म्हणाला, "पाव्हणं, राग मानू नका. ही सोयरीक जमायची न्हाई."

"कामून?" मुलाचा बाप चकित झाला. "पोरात काय खोट हाय?"

"पोरगं सोनं हाय. खोट मोटारीत हाय."

"मोटार आमची न्हाईच म्हणून सांगायलोय की!"

"तेच की. नीट ऐका. जी मोटार आपल्या ओढ्यात रुतत न्हाई ती खपत न्हाई. इतकी सालं बघायलोय मी. आन सगळं जग सोडून न खपणारी मोटार ज्यानं घेतली, त्या वकिलाला पारख न्हाई. पारख नसलेल्या वकिलाकडं अशील कवर येतील? अशील न्हाईत तर कारकून कशाला ठेवील त्यो? मग माझी भाची काय खाईल?"

मुलाच्या बापानं पागोटं सारखं केलं. मुलगा मामाकडं बघत राहिला होता, तोंड किंचित उघडं. मामी दारातून पुटपुटली, "मोटारीला पोरगी द्यायचीय का माणसाला?" पण पाव्हण्यांसमोर तिचाही आवाज वर निघेना. मी तांब्या घेऊन आत आले. मला रडू येत होतं आणि कशावरून येतंय ते सांगायची सोय नव्हती. कुणाचं स्थळ पोरगी काळी म्हणून मोडतं, कुणाचं बाप कर्जबाजारी म्हणून मोडतं. माझं स्थळ मोटार रुतली नाही म्हणून मोडलं होतं.

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं कोपऱ्यातली घागर उचलली आणि मागच्या दारानं निघाली.

"वन्सं, कुठं निघालाव?" मामीनं विचारलं.

"पाणी आणते."

मामीनं रांजणाकडं बघितलं. तो काठोकाठ भरलेला होता. मामी काही बोलली नाही, आणि मामी काही बोलली नाही असं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

पाव्हणे उठले. मुलाच्या बापानं चहा सुद्धा घेतला नाही. मोटार सुरू झाली, धूळ न उडवता गेली, आणि घरात असं वाटायला लागलं की कुणाचं तरी सुतक आहे. मामा ओट्यावर फेटा काढून बसला. तोही काही खूश नव्हता. "मला काय हौस हाय का? पोरीच्याच भल्याचं बघायलोय न्हवं," असं भिंतीला सांगत होता.

आणि ओढ्याकडून भोंगा वाजला.

मामा बसल्या जागी ताठ झाला. भोंगा पुन्हा वाजला, लांबलचक. पाठोपाठ ड्रायव्हरच धापा टाकत आला, कंबरेपर्यंत काळा. "अण्णा, बैल! बैल घ्या लौकर! पोटापतोर गेली!"

"कुठपतोर?"

"पोटापतोर!"

मामानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. फेटा ओट्यावर, वहाणा दारात, आणि हा हरण्या-खंड्याला घेऊन अनवाणी पळत सुटला. मामीनं माझा हात धरला, आणि आम्हीही मागून निघालो. नवऱ्यामुलासमोर उपवर पोरीनं असं जाऊ नये, पण ते स्थळ तर मोडलेलं होतं. मोडलेल्या स्थळाला कसली लाज?

ओढ्यात ती नवी मोटार अशी बसली होती की जणू तिथंच उगवली. मुलानं धोतर वर खोचलं होतं आणि तो मागून ढकलत होता. त्याचा बाप काठावर उभा राहून आमच्या गावाच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार करत होता. आणि बाजूला, रिकामी घागर कंबरेवर घेऊन, आई उभी होती. पाय कोरडे.

"ह्या अक्कांनीच हात करून खालची वाट दाखविली!" ड्रायव्हर म्हणाला. "सकाळी वरची दाखविली आन आता खालची!"

मामानं आईकडं बघितलं.

"दाखविणारच की," तो म्हणाला. "हीच खरी वाट हाय. वरची वाट बैलगाड्यांची. मोटारीला वरची वाट दाखवून तू बी कमाल केलीस, अक्का. माणसाला कळावं कसं मोटार काय लायकीची हाय ते?"

"चुकलं माझं," आई म्हणाली.

मामा मोटारीभोवती फिरला. चिखलात गुडघ्यापर्यंत जाऊन तिच्या पोटाखाली हात घालून आला. परत आला तेव्हा त्याच्या तोंडावर असं तेज होतं की तसं मी त्याच्या मुलाच्या बारशालासुद्धा बघितलं नव्हतं. दोर बांधायच्या आधी तो मुलासमोर उभा राहिला. बैल उभे, मुलाचा बाप लालेलाल, आणि मामा विचारतोय, "आता सांगा जावईबापू. ही वकीलसाहेबांनी कुणाच्या सांगण्यावरनं घेतली?"

जावईबापू. पहिल्यांदा ते मुलाच्याच ध्यानात आलं. त्यानं एकदा मामाकडं बघितलं, एकदा चिखलाकडं, आणि मग काठावर मामीच्या मागं लपलेल्या माझ्याकडं.

"स्वतःच्या डोक्यानं घेतली, मामा," तो म्हणाला. "साहेबांची पारख लई मोठी."

"तेच म्हणायलोय मी!" मामानं दोर बांधला, बैलांच्या पाठीवर थाप मारली, आणि मोटार चिखलातून चुप् चुप् करत सुटायला लागली. "अक्का! ही खपणार बघ! हैदराबादेत बी खपणार, बिदरात बी खपणार! चला पाव्हणं, मागं फिरा. सुसला गार झाला असंल, पर पोरगी तुमची!"

माझं लग्न असं ठरलं. मुलाचा बाप घरी येऊन पाय धुईपर्यंत बोलला नाही, पण मामीनं आणलेला गरम चहा मात्र त्यानं घेतला, आणि दोनदा घेतला. आईला मी पुढं कितीदा तरी विचारलं. ती म्हणायची, "मी पाण्याला गेलते." त्यापुढं अक्षर नाही.

लग्न वैशाखात झालं. उन्हानं माती भेगाळली होती. ओढ्यात पाण्याचं नाव नाही, पोरं तिथं गोट्या खेळत होती. पाठवणीला तीच वकीलसाहेबांची मोटार आली, हार घातलेली. मी रडत रडत आत बसले, हे माझ्या शेजारी बसले. बघते तर ओढ्याच्या काठावर मामा उभा. लग्नाचा फेटा डोक्यावर, आणि बैल जुंपलेले. खांद्यावर दोर.

"आवं, ओढ्यात थेंब न्हाई पाण्याचा!" ओढ्यापर्यंत पोचवायला आलेली मामी म्हणाली. "बैल कामून आणलाव?"

"नवा माल हाय. काय सांगता येतंय?"

मोटार ओढ्यातून सुळकन निघून गेली. चाकाला धूळ लागली तेवढीच. मला वाटलं, आता मामा परत फिरेल. मागच्या काचेतून बघितलं तर तो ओढा ओलांडून आमच्या मागं येत होता. बैलांना हाकत, फेटा सुटत आलेला, एका हातानं दोर सावरत. ह्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती, नवी नवरी मी. ह्यांनीही मागं वळून बघितलं. मग पुढं वाकून ड्रायव्हरला हळूच म्हणाले, "जरा दमानं घ्या."

"किती दमानं?"

"बैलाच्या चालीनं."

वकीलसाहेबांची ती नवीकोरी मोटार वैशाखाच्या उन्हात बैलाच्या चालीनं चालली. इंजिन कण्हत होतं, ड्रायव्हर दात खात होता. पक्की सडक लागेपर्यंत मामा मागं होता. तिथं तो थांबला, बैलांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, आणि आम्ही वळणावर गेलो.

पुढं कैक वर्षं, हे आमच्या गावी गेले की मामा कट्ट्यावर सगळ्यांदेखत ह्यांना शेजारी बसवून घ्यायचा आणि मास्तरांना ऐकू जाईल असं सांगायचा, "ते मॉडेल रुतायला लई चांगलं व्हतं, त्यात वाद न्हाई. पर पळायला दम न्हाई. ह्यांना इचारा. माझ्या हरण्या-खंड्यानं पक्क्या सडकंपतोर गाठलं व्हतं."

"व्हय," हे म्हणायचे. "त्या मोटारीत दमच न्हवता, मामा."